ड्रोनचित्रणात आभाळ पांढरे का पडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका वाचकाने अशी तक्रार केली होती की, पावसाळ्यात जिकडेतिकडे दिसणारी सह्याद्रीची ड्रोनचित्रणे रंगवलेली असतात, प्रत्यक्षात डोंगर इतका हिरवा नसतो आणि ढग इतके गडद नसतात. सबब वृत्तपत्रांनी अशी चित्रणे प्रसिद्ध करू नयेत. लग्नसमारंभांपासून पाटबंधाऱ्याच्या कामांपर्यंत सर्व प्रकारचे ड्रोनचित्रण करणे हा माझा व्यवसाय आहे. तक्रारीचा रोख मला मान्य आहे, निदान मात्र मान्य नाही. संगणकावर नंतर चढवलेला भडक रंग निदान डोळ्याला खुपतो आणि त्याबद्दल कोणी ना कोणी पत्र लिहितो. त्याहून मोठी खोट चित्रण होत असतानाच, उजेडाचे माप कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडून दिल्यामुळे राहते, आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही, कारण पांढरेफटक आभाळ आणि खाली काळी पडलेली दरी पाहण्याची आपल्या सर्वांना सवय होऊन गेली आहे.

घाटातल्या एखाद्या नेहमीच्या दृश्याचेच पाहा. पावसाने उघडीप दिली की ड्रोन वर जातो, कॅमेरा आधी सरळ खाली ओल्या काळ्या कातळाकडे रोखलेला असतो, मग हळूहळू मान वर करत दरी, पलीकडची डोंगररांग आणि शेवटी ढगांनी भरलेले आभाळ चौकटीत घेतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचे माप, ‘ऑटो’वर असेल तर या जेमतेम पंधरावीस सेकंदांत काय घडते, ते एकदा मुद्दाम थांबवून थांबवून पाहण्यासारखे आहे. चौकटीत नुसता कातळ असताना कॅमेरा समजतो की उजेड कमी आहे, आणि तो चित्र उजळतो; परिणामी काळा कातळ राखाडी, दुधट दिसतो आणि त्याच्या खाचांतले गवत फिके पोपटी होते. क्षितिज चौकटीत शिरते त्या क्षणी आभाळ कोऱ्या कागदासारखे असते, आणि कड्यावरून कोसळणारा धबधबा जिथे आभाळाला भिडतो तिथे तो चक्क नाहीसा होतो. मग कॅमेऱ्याला जाग येते, तो उजेड खाली ओढतो, ढगांचे थर दिसू लागतात आणि तेवढ्यात दरी काळोखात बुडते. एकाच सलग दृश्यात एकाच कड्याचे तीन रंग झाले, आणि तेही संगणकाला हात न लावता. ‘ऑटो’चे मूळ गृहीतक असे आहे की, समोर जे काही आहे ते सरासरीने साधारण १८ टक्के उजेड परत फेकणाऱ्या करड्या रंगाइतके उजळ आहे. सह्याद्रीचा ओला बसाल्ट त्याहून पुष्कळ काळा आणि मिठागरातली मिठाची रास त्याहून कितीतरी पांढरी. कॅमेरा दोघांनाही करडे करून ठेवतो.

येथे डायनॅमिक रेंज म्हणजे काय ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण विक्रेत्यांच्या तोंडी हा शब्द सतत असतो आणि त्याचा अर्थ फारसा कोणी विचारत नाही. पागोळ्यांखाली ओळीने भांडी मांडून ठेवावीत, तसे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात आणि प्रत्येकात उजेड साठत जातो. भांडे काठोकाठ भरले की पुढचे पाणी वाहून जाते. ते थोडे वाहून गेले की पुष्कळ, हे भांड्याकडे पाहून सांगता येत नाही. चित्रात आभाळ ‘जळते’ ते असे: सगळेच बिंदू भरलेले, त्यामुळे ढग आणि ढगामागचा उजेड यांतला फरक नोंदलाच गेलेला नसतो, आणि जे नोंदले गेले नाही ते कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. दुसऱ्या टोकाला, फारच थोडा उजेड साठलेल्या बिंदूंत सेन्सरची स्वतःची खरखर, जिला आम्ही नॉइज म्हणतो, ती मूळ चित्राइतकीच मोठी होते. या दोन टोकांमधले अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. ते स्टॉपमध्ये मोजतात आणि दर स्टॉपला उजेड दुप्पट होतो. डीजेआय कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या मॅव्हिक ३ या ड्रोनच्या फोर-थर्ड्स सेन्सरसाठी १२.८ स्टॉपचा दावा केला होता. म्हणजे सर्वांत काळ्या आणि सर्वांत उजळ भागांत सुमारे सात हजार पटींचे अंतर. आकडा मोठा वाटतो, पण खरखर किती वाढली की चित्र निकामी म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असल्यामुळे अशा दाव्यांतले शेवटचे एकदोन स्टॉप कामाला येतील असे धरून चालू नये. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनचा सेन्सर याहून बराच लहान, म्हणून त्याची ऐपतही कमी. आणि ढगाच्या कडेवर पडलेले दुपारचे ऊन एकीकडे, तर कड्याच्या पोटातली सावली दुसरीकडे, असे दृश्य समोर असले की दोन्ही एकदम पकडणे बहुतेक ड्रोनच्या आवाक्याबाहेरचेच असते.

तेव्हा प्रश्न उरतो तो काय राखायचे आणि काय सोडायचे एवढाच, आणि त्याचे उत्तर यंत्राने नव्हे, चित्रण करणाऱ्याने द्यायचे असते. माझा स्वतःचा कल स्पष्ट आहे: उजळ भाग राखावा, सावली काळी पडली तर पडू द्यावी. सावलीतला तपशील संपादनात एखाददुसरा स्टॉप वर उचलता येतो, थोडी खरखर सोसावी लागते एवढेच. जळलेल्या भागाला तोही इलाज नाही. याला अपवाद आहेत. सूर्याची चकती चौकटीत असेल तर ती जळणारच, आणि तिच्यासाठी सगळे चित्र अंधारात ढकलणे हा शुद्ध हट्ट होय. लग्नाच्या चित्रणात माणसांचे चेहरे महत्त्वाचे असतात, तेथे मांडवामागचे आभाळ गेले तरी यजमान तक्रार करणार नाहीत, नवरीचा चेहरा काळवंडला तर मात्र जन्मभर ऐकवतील.

आषाढीच्या वाटेवर वाखरीला होणाऱ्या रिंगणाचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. वरून पाहिले की हजारो पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, मधून फडकणाऱ्या भगव्या पताका, आणि या सगळ्यांच्या मधोमध मातीचे मोकळे कडे, ज्यातून अश्व धावतो. तापलेली तांबूस-काळी माती चौकटीचा मोठा भाग व्यापते, म्हणून ‘ऑटो’ तिच्या हिशेबाने चित्र उजळतो. आता धुतलेले पांढरे सुती कापड सुमारे ९० टक्के उजेड परत फेकते, म्हणजे मधल्या करड्या रंगाच्या पाच पट, सव्वादोन स्टॉपांहून किंचित वर. एवढी जागा कॅमेऱ्याजवळ एरवी असते. पण मातीच्या नादाने चित्र आणखी दीड-दोन स्टॉप उजळले गेले आणि वर ढगांआडून ऊन पडले, की सगळी टोप्यांची रांग एकसंध पांढरा डाग होते. माणसे मोजता येत नाहीत, धोतराच्या चुण्या दिसत नाहीत. पताकांची गत आणखी वेगळी. भगव्या रंगात लाल रंगाचा वाटा फार मोठा असल्याने तीन रंगांपैकी लाल आधी भरतो, आणि पताका सपाट, पिवळसर नारिंगी दिसू लागते. पडद्यावरचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे चित्राचा किती भाग किती उजळ हे डावीकडे काळे व उजवीकडे पांढरे असे मांडणारा आलेख, मात्र सर्व रंगांची मिळून उजळता दाखवत असल्याने तो ‘सारे ठीक आहे’ असेच सांगत राहतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालाचेही असेच होते. अशा ठिकाणी हिस्टोग्राम उजव्या कडेला टेकू न देता थोडी मोकळी जागा ठेवणे, हाच उपाय. (वारीत वा कोणत्याही गर्दीवर ड्रोन उडवण्याच्या परवानगीचा प्रश्न अर्थातच याच्या आधीचा आहे आणि त्यात सवलत मागण्याचा माझा हेतू नाही.)

प्रत्यक्ष मांडणीबद्दल थोडे लिहितो, कारण नव्याने या व्यवसायात येणारी मुले बहुधा येथेच गोंधळतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेडाबद्दलच्या संवेदनशीलतेचे माप, शक्यतो सर्वांत खालच्या मूळ आकड्यावर, म्हणजे बहुतेक ड्रोनमध्ये १०० वर असावा. चित्रातली हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, चौकटींच्या गतीच्या दुपटीच्या हिशेबाने ठेवण्याची जुनी रीत आहे: सेकंदाला २५ चौकटी, तर शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने या जोडीचा आणखी एक फायदा असा की, विसर्जन मिरवणुकीत किंवा देवळाच्या रोषणाईत दिवे लुकलुकताना दिसत नाहीत. ३० चौकटी आणि १/६० ठेवून चित्रण केले की तेच दिवे पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांनी सरकू लागतात. आता अडचण अशी की, लहान ड्रोनच्या भिंगाचे तोंड कायम उघडे असते, ते लहानमोठे करता येत नाही. डीजेआयच्या मिनी ३ प्रो किंवा मिनी ४ प्रो या मॉडेलांचे ॲपर्चर, म्हणजे हे तोंड, एफ १.७ वर स्थिर आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे). कडक उन्हात आयएसओ १०० असताना एफ १६ आणि शटर १/१००, हा फिल्मच्या जमान्यापासूनचा आडाखा आहे. त्यावरून हिशेब केला तर एफ १.७ वर शटर सेकंदाच्या सुमारे नऊ हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते. ते १/५० वर आणायचे तर साडेसात स्टॉप उजेड बाहेरच अडवायला हवा. भिंगावर बसवण्याची काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, हे काम करते: एनडी १६ ने चार स्टॉप, एनडी ६४ ने सहा, एनडी २५६ ने आठ. ढगाळ दिवशी एनडी १६ पुष्कळ होतो. काच उड्डाणापूर्वीच बसवावी लागते, वर गेल्यावर बदलता येत नाही, म्हणून पुढच्या वीसेक मिनिटांत ऊन राहील की ढग येईल याचा अंदाज जमिनीवर उभे राहूनच करावा लागतो. सप्टेंबरात कासच्या पठारावर तो अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

मात्र एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. एनडी फिल्टर लावला की आभाळ चांगले येते, असे सांगून त्याचे संच विकले जातात. ही काच आभाळ, डोंगर, पाणी सगळ्यांवरचा उजेड सारख्याच प्रमाणात कमी करते. उजळ आणि काळ्यातले अंतर तिने तसूभरही बदलत नाही. तिचे काम शटरचा वेळ लांबवणे एवढेच. वरून काळी आणि खालून पारदर्शक अशी काच जमिनीवरच्या कॅमेऱ्याला उपयोगी पडते, पण ड्रोनमध्ये क्षितिज सतत वरखाली होत असल्याने तिचा अर्धा काळोख केव्हा डोंगरावर येऊन बसेल याचा नेम नसतो. आभाळ खरोखर राखायचे असेल तर सर्वांत स्वस्त साधन म्हणजे घड्याळ: सूर्य पाठीशी किंवा बाजूला येईल अशा वेळी उड्डाण करावे. समोर सूर्य ठेवून संध्याकाळी उडणाऱ्यांना पंख्यांची सावली भिंगावर पडून चित्रात काळ्या पट्ट्या थरथरताना दिसतात, आणि तो दोष संपादनात निस्तरणे जवळजवळ अशक्य असते.

लॉग या फाइल साठवण्याच्या एका पद्धतीने केलेल्या चित्रणाबद्दलही असेच भाबडे समज आहेत. लॉगमुळे सेन्सरची ऐपत वाढत नाही. सेन्सरने पकडलेला उजेड फाइलमध्ये साठवताना साध्या चित्रणापेक्षा उजळ भागाला जास्त जागा दिली जाते, म्हणून चित्र आधी राखाडी आणि निस्तेज दिसते, व संपादनात त्याला पुन्हा रंगरूप द्यावे लागते. दहा-बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या असतात, आठ-बिटमध्ये २५६. आठ-बिटमध्ये लॉग वापरून पुढे रंग ताणले की निळ्या आभाळात जिन्यासारखे पट्टे उमटतात. ज्यांच्याकडे आठ-बिटचाच ड्रोन आहे त्यांनी लॉगच्या नादी न लागता साध्या रंगांत, आभाळ सांभाळून चित्रण करावे, असे माझे मत आहे. त्याबद्दल माझे काही समव्यावसायिक मला जुनाट म्हणतात.

हे सगळे हौशी चित्रणापुरते असते तर मी आपला वेळ घेतला नसता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराची वरून घेतलेली चित्रणे घराघरांत पाहिली गेली, आणि त्यानंतर दर पावसाळ्यात पुराचे पाणी कुठवर आले हे लोक अशाच चित्रणांवरून ठरवतात. पुराचे पाणी जवळून गढूळ तपकिरी असते, पण तिरप्या कोनातून पाहिले की त्यात ढगाळ आभाळाचे प्रतिबिंब पडते आणि ते आभाळाइतकेच उजळ होते. ‘ऑटो’वरच्या कॅमेऱ्याने काळ्याभोर उसाच्या हिशेबाने चित्र उजळले की हे पाणी जळून पांढरे होते, मग पत्र्याची बुडालेली छपरे, रस्त्याची कडा, वाहत्या धारेची भोवरेदार रेघ, सगळे त्या पांढऱ्यात विरघळते. उलट कॅमेरा आभाळाकडे वळला की ऊस आणि जवळचे गढूळ पाणी मिळून एकच काळा पट्टा होतो, आणि पाणी प्रत्यक्षाहून दुप्पट पसरल्यासारखे वाटते. कोणी लबाडी केलेली नसते, तरी दोन वाहिन्यांवर एकाच गावाचे दोन पूर दिसतात. येथे एक्स्पोजर पाण्यावरच्या सर्वांत उजळ भागाला धरून हाताने बांधावे, पूर्ण फेरी त्याच मापाने घ्यावी आणि शक्य तितके सरळ खाली पाहत चित्रण करावे. प्रतिबिंब मारणारी पोलरायझर काच उपयोगी पडते, पण ड्रोनने दिशा बदलली की तिचा परिणामही बदलतो, म्हणून ती लावून गोल फेरी घेऊ नये.

रंगाच्या तापमानाचे, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून रंग जुळवणाऱ्या व्हाइट बॅलन्सचेही हेच. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, आणि क्षारता वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झाले असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. अशा वेळी चौकट गुलाबी पाण्याने भरली की ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्स त्या गुलाबी छटेला दोष समजून ती काढायला जातो, आणि कॅमेरा काठावरच्या झाडीकडे वळला की हिशेब पुन्हा बदलतो. पाण्याचा रंग हाच जिथे बातमीचा विषय आहे, तिथे ते तापमान उन्हासाठी ५६०० केल्विनच्या आसपास बांधून ठेवले नाही, तर पाणी किती गुलाबी होते हे चित्रणावरून कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून तक्रारदार वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी रंग चढवणाऱ्यांवर सरसकट राग धरू नये. नीट एक्स्पोज केलेल्या लॉग चित्रणाला डोळ्याने पाहिलेल्या रंगांपर्यंत आणणे हे आवश्यक कामच आहे; न रंगवलेले चित्रण म्हणजे अस्सल चित्रण, असे समीकरण नाही. काम देणाऱ्या संस्थांबद्दल मात्र मला तक्रार आहे. ज्या कामांच्या अटी माझ्या पाहण्यात आल्या, त्यांत चित्रण ‘४के’ असावे हे ठळकपणे लिहिलेले असते आणि उजेडाबद्दल अवाक्षर नसते. जळलेले आभाळ ४के मध्ये अधिक बारकाईने जळलेले दिसते, यापलीकडे त्या अटीने काही साधत नाही. त्याऐवजी एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स हाताने बांधलेले असावेत, शक्य तेथे दहा-बिट मूळ फाइल द्यावी आणि चित्रणाची वेळ नोंदवावी, एवढे लिहिले तरी पुष्कळ फरक पडेल. प्रशिक्षण देणाऱ्यांनीही यात लक्ष घालावे: ड्रोन नियम, २०२१ आल्यापासून वैमानिकाला नियम, हवामान आणि उड्डाण शिकवले जाते ते योग्यच आहे; चित्रणाच्या व्यवसायासाठी येणाऱ्यांना त्यासोबत एक दुपार हिस्टोग्राम वाचायला शिकवण्यात घालवली तर कोणाचेच नुकसान नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. पूर, दरडी, धरणांचे विसर्ग यांची चित्रणे आपण वाचकांकडून व्हॉट्सॲपवर मागवता. त्या मार्गाने येताना फाइल इतकी दाबली जाते की सावलीतला उरलासुरला तपशीलही चौकोनी ठिपक्यांत मोडतो, आणि मग कार्यालयात ती उजळून प्रसिद्ध होते. अशा चित्रणांसाठी मूळ फाइल पाठवण्याची सोय ठेवावी, आणि चित्रण केव्हा, कोणत्या दिशेने व एक्स्पोजर बांधून घेतले आहे किंवा नाही, हे पाठवणाऱ्यास विचारून चित्राखाली छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ड्रोन चित्रणकार, सातारा